दशक्रियेच्या पत्रिकेतल्या चार ओळी

बी.ए. मराठी, फर्स्ट क्लास. वर्ध्याला या शब्दांवर माझं लग्न जमलं. लग्न होऊन पुणे जिल्ह्यातल्या महाळुंगे पडवळला आले, तर त्याच शब्दांना कुणी विचारेना. शाळेत गेले, तर बी.एड. आहे का? नारायणगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेले, तर टॅली येतं का? एका ऑफिसातला साहेब तर हसलाच. "मराठीत बी.ए.? अहो, मराठी तर आमाला बी येती!" अवं माय! मला एकच हवं होतं, शिकले ते कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं काम. ते मिळेना, म्हणून वर्ध्याची आठवण आणखीच यायची. रडू यायचं आणि रडण्याचा रागही यायचा.

शेवटी मंचरला छपाईच्या दुकानात टायपिंगचं काम मिळालं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि सगळ्यात जास्त दशक्रियेच्या पत्रिका. इकडे दहाव्याला ही गर्दी लोटते. प्रवचन होतं, पुढाऱ्यांची भाषणं होतात. पत्रिकेचा मजकूर मात्र ठरलेला. जुनी फाइल उघडायची, नाव बदलायचं, फोटो चिकटवायचा, खाली शोकाकुल म्हणून मुलं, सुना, नातवंडं. "डोकं नका लावू, नाव तेवढं नीट बघा," शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले. डोकं न लावायलाच मी तीन वर्षं कॉलेजात घासली होती का?

एके सकाळी पश्चिमेकडच्या डोंगरातला एक म्हातारा आला. बायको गेली होती. फोटो मागितला तर म्हणाला, "फोटू कधी काढलाच न्हाई, ताई." शेठ म्हणाले, चौकटीत समई टाका. मला काय झालं कुणास ठाऊक, मी विचारलं, "कशा होत्या हो त्या?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग बोलायलाच लागला. भातलावणीत तिच्या बरोबरीनं कुणाला टिकता यायचं नाही. नाचणी पाखडताना एकटीच गाणं म्हणायची, माणूस दिसलं की गप. त्याच्यावर मात्र लई चिडायची. मी समईऐवजी चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या.

"हीच," तो टोपीनं डोळे पुसत म्हणाला. "हीच व्हती." शेठनी चष्म्यावरून पाहिलं आणि पत्रिका छपाईला घेतली.

महिन्याभरानं त्या गेलेल्या बाईची मोठी जाऊ दुकानात आली. स्टुलावर ऐसपैस बसली. "ती पत्रिका तूच लिवली का गं? दहाव्याला वाचली तवा समदी रडली. आता माजी लिव."

"अहो आजी, काहीतरीच काय! चांगल्या ठणठणीत आहात की."

"म्हणून तर आले. मेल्यावर मला कोण वाचून दावणार?"

शेठ खो खो हसले. मीही हसले. ती हसली नाही, तेव्हा मी मुकाट्यानं नवी फाइल उघडली. हिरडा झोडायला झाडावर सरसर चढायची, असं तिनं सांगितलं. सासऱ्याला एकदा तोंडावर खोटं ठरवलं होतं, तेही लिहायला लावलं. मग आवाज खाली आणला.

"आन माजं हे बी लिव, पत्रिकेत लिवत्यात तसं. तिचं माहेर धरणात गेलं. उन्हाळ्यात पानी वसरलं की ती काठाला जाऊन उभी ऱ्हायची. घराचं जोतं दिसतंय का बघायची. घरी सांगायची, काटक्या आणाया जाते."

माझा हात थांबला. "हे तुमच्या मुलांना माहीत आहे?"

"न्हाई. कुणी इचारलंच न्हाई कधी."

मी सगळं वाचून दाखवलं. तिनं दोनदा ऐकलं, कागदाची घडी केली आणि चोळीत खोचून गेली. मी शिकले ते कशासाठी, हे मला त्या स्टुलाकडे बघताना कळलं. आणि घरी जायला जीपमध्ये बसले, तेव्हा वर्ध्याला जायची ओढ लागली. माझं माहेर जागेवर आहे. दार उघडायला आई आहे. आणि तिला मी आजवर एकदाही विचारलं नव्हतं, तू कशी होतीस गं?