भिंतीतल्या माशा

एका छपराखाली बायका आणि मोहोळ दोन्ही नांदली की किस्से आपोआप साठतात. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेते आहे. पण विसरले मात्र काही नाही.

कुरुळीच्या आमच्या घराची मागची भिंत मातीची. तिच्यात बोट जाईल एवढं भोक आणि आत सातेरी जातीच्या मधमाशा. मी लग्न होऊन आले तेव्हा पिंपरीला नवी कंपनी नुकतीच सुरू झाली होती, आणि माझी अक्कल अजून माहेरीच होती. पहिल्या दिवाळीला भिंत लिंपायला घेतली, तर भोकही छान गुळगुळीत लिंपून टाकलं.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. रोज त्याच भिंतीला पाठ लावून बसायच्या. त्यांनी हाक मारली, "पोरी, भिंत मुकी का झाली गं?"

मी भीतभीत खरं सांगितलं. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून माझ्या हातात दिला. "उघड त्यांचं दार."

*

माशा म्हणजे आत्याबाईंचं घड्याळ. सकाळी गुणगुण वाढली की म्हणायच्या, माशा निघाल्या, गुरं सोडा. परतल्या की, चूल पेटवा.

एकदा भर दुपारी म्हणाल्या, माशा आल्या. मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. अंगणात येऊन बघते तर आभाळ काळंकुट्ट! मी पापड उचलले. शेजारणीचे भिजले. ती आठ दिवस आमच्याशी बोलली नाही.

*

पावसाळ्यात मी बांधावरून कुरडू, टाकळा, तांदुळजा अशी रानभाजी आणायचे. आत्याबाई पान चोळून वास घ्यायच्या, मगच निवडायला बसायच्या. एकदा घाईघाईत मी कसलंतरी गवतच खुडून आणलं आणि वर म्हणाले, बघा कशी कवळी हाय.

त्यांनी वास घेतला. "व्हय, कवळी हाय. म्हशीला दे, खूश होईल."

*

धाकटे दीर सदाभावोजी कंपनीत लागले. सायकलवर जायचे. साहेब त्यांना रविवारीही बोलवायचा. एकदा तोच साहेब आमच्याकडे जेवायला आला. भोक बघून विचारलं, वर्षाला मध किती काढता?

"घरात ऱ्हाणाऱ्याला कुणी पिळतं का?" आत्याबाई म्हणाल्या.

साहेब मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. पुढच्या आठवड्यापासून सदाभावोजींना रविवारची सुट्टी मिळाली. कशामुळं, ते साहेबालाच ठाऊक.

*

सदाभावोजींचं लग्न ठरलं तेव्हा मुलीचे वडील घर बघून गेले. जाताना म्हणाले, भिंतीत माशा असलेल्या घरात माझी पोरगी नांदायची नाही. माशा काढायच्या कबुलीवर लग्न लागलं. ती नांदायला यायची त्या सकाळी सदाभावोजींनी गवंडी आणला आणि भिंतीला सिमेंट लावून घेतलं. रानातली मोहोळं काढणाऱ्या ठाकराला बोलावून हे नीट हलवू, असं मी म्हटलं, तर आता वेळ नाही म्हणाले.

आत्याबाईंनी अडवलं नाही. "आता मला दिस कसा कळायचा, सदा?" एवढंच विचारलं.

घड्याळ आणतो, असं सदाभावोजी बोलून गेले आणि मग आईच्या डोळ्यांकडं बघून गवंड्याकडं वळले.

दुपारी धाकटी जाऊ इंदू आली, सोबत वडील. चरायला गेलेल्या माशा परतून ओल्या सिमेंटवर घोसानं बसल्या होत्या. आत्याबाई घरात एका कोपऱ्यात, ताट तसंच. इंदूनं मला हळूच विचारलं, त्या जेवत का नाहीत? मी सगळं सांगितलं, आकड्याचंसुद्धा. मग घागर घेऊन विहिरीवर गेले.

परत आले तर इंदू न्हाणीपाशी हात धूत होती. केस पाठीवर सुटलेले. हिरव्या चुड्यावर सिमेंट, आणि एक बोट टम्म सुजलेलं. पुढं ओट्यावर तिचे वडील चहा पीत सदाभावोजींना सांगत होते, पोरगी लई भित्री हाय, सांभाळून घ्या.

आतून आत्याबाईंची हाक आली, "माशा आल्या गं. चूल पेटवा."