कमरेच्या धक्क्याचं दार

आमच्या ह्यांनी घरात कधी बाहेरचा मिस्त्री येऊ दिला नाही. कारखान्यात फिटर होते ना! तिथली यंत्रं ह्यांच्या हाताखाली सुतासारखी सरळ चालायची म्हणे. मी काही बघायला गेले नव्हते. घरातलं मात्र बघितलंय. नळ गळायला लागला की हे पाना घेऊन बसायचे आणि दुपारपर्यंत गळती बंद. फक्त तेव्हापासून तो नळ बंद करताना आधी उलटा फिरवायचा, मग सुलटा, आणि वरून एक चापट द्यायची. "झाला की नाही ठणठणीत?" हे विचारायचे. झाला हो, झाला!

तुम्ही म्हणाल, बाई नवऱ्याला नावं ठेवतेय. थांबा, माझीही पाळी येतेय. हे दुरुस्त करायचे आणि मी झाकायचे. भिंतीला नको तिथे भोक पडलं, लाव कॅलेंडर. ओल आली, ढकल कपाट. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय घर सजवलंय!" आणि मी निर्लज्जासारखी मान डोलवायचे.

सगळ्यात नग म्हणजे स्वयंपाकघराचं दार. ह्यांनी ते एकदा तासून परत बसवलं, तेव्हापासून आपलं आपण मिटायचं आणि चौकटीत रुतायचं. उघडायचं तर कडी वर उचलायची आणि कमरेचा सणसणीत धक्का द्यायचा. तेवढी सामग्री माझ्याकडे आहे, देवाच्या कृपेनं.

असंच चाललं असतं. पण ह्यांचे गुडघे गेले. घर चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या सलूनबाहेर बाकावर मित्रांत बसणारा माणूस खिडकीतून नुसता हात हलवायला लागला. मित्र खालून ओरडायचे, "अरे, ये की!" हे वरून म्हणायचे, "उद्या!" रोज तेच.

सलूनसमोरच तळमजल्यावरचं एक घर विकायला होतं. मालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. पण आमचं विकल्याशिवाय ते घेणार कशानं?

एजंट आला. किडकिडीत पोरगा, टाय लावलेला. सगळं बघत बघत स्वयंपाकघरात गेला आणि मागे दार मिटलं. आतून हाका, "काकू! अहो काकू!"

"उचल आणि ढकल!" मी ओरडले.

"काय उचलू?"

शेवटी मीच सोडवला बिचाऱ्याला. घाम पुसत म्हणाला, "काकू, गिऱ्हाइकाला घर दाखवायचंय की शिकवायचंय?"

मग काय, सुतार आला, प्लंबर आला, रंगारी आला. हे गॅलरीत पाठ करून बसले, घरात सवत आणल्यासारखे. कपाटं हलली, ओल गेली, भोकं बुजली. घर असं चकचकीत झालं की माझ्या कॅलेंडरला टांगायला कारणच उरलं नाही.

गिऱ्हाईक यायच्या सकाळी लेकीचा फोन. "बाबांना सांग, गप्प बसा. आणि आई, तूही."

"मी? मी कुठे बोलते गं?"

तिनं फोनच ठेवला.

आले ते तरुण नवरा-बायको, आणि बरोबर नवऱ्याची आत्या. नजर अशी की लपवलेली धूळ आपण होऊन पुढे यावी. एजंट गोड गोड बोलत होता. मी आत स्वयंपाकघरात सरबताचा ट्रे घेतला. दार सुतारानं आदल्याच दिवशी बसवलेलं, रंग वाळेपर्यंत उघडंच होतं. आज मात्र आतला पसारा दिसू नये म्हणून मीच ते लोटून घेतलं होतं. हात ट्रेमध्ये गुंतलेले, म्हणून कोपरानं कडी वर उचलली आणि दिला धक्का!

दार लोण्यासारखं उघडलं. मी, ट्रे आणि सरबत, सगळे मिळून आत्याबाईंच्या पायाशी.

"अगं, लागलं का?" म्हणत हे उठले, फडकं भिजवायला नळाकडे गेले. नवाकोरा नळ. बंद करताना उलटा, सुलटा आणि चापट. मग दिवा लावायला बटण दाबलं आणि सवयीनं शेजारी भिंतीला एक गुद्दा.

आत्याबाई सगळं बघत होत्या. "दाराला धक्का, नळाला चापट, भिंतीला गुद्दा. अहो, घर आहे की कुस्तीचा आखाडा? खरं सांगा, काय काय बिघडलं होतं इथे?"

एजंटाला एकदम खोकला आला. मी जमिनीवर बसल्या बसल्या मनात म्हटलं, संपलं. आता हा माणूस जन्मभर खिडकीतून 'उद्या' म्हणत राहणार. आणि मुसळधार बोलणारी मी, ट्रेमध्ये ग्लास गोळा करत बसले.

बोलले ते हे. आत्याबाईंना घरभर फिरवलं. "इथे ओल होती, आतला पाइप बदललाय. हे दार मी बिघडवलं होतं, आता चांगलंय. गॅलरीच्या पन्हळीला मात्र माझीच तार आहे अजून. ती तेवढी बदलून घ्या."

लेक असती तर फोन फेकून मारला असता तिनं.

"मग इतकं सगळं नीट केल्यावर विकताय कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"गुडघे," हे म्हणाले. "ते काही मला दुरुस्त करता येईनात."

आत्याबाई हसल्या, मग भाच्याकडे वळल्या. "इतकी घरं बघितली, जो तो म्हणाला, काहीच खोट नाही. इथे निदान खोट कुठे आहे ते तरी कळलं. घे रे हे." आणि तारेचे पैसे किमतीतून कापायला विसरल्या नाहीत हो. बाई माझ्याच जातकुळीची.

आम्ही तळमजल्यावर आलो. इथली दारं, नळ, बटणं सगळं व्यवस्थित आहे. पान्याची पेटी कुठे लपवलीय ते मला विचारू नका. मी अजूनही स्वयंपाकघरातून धक्का देत निघते आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळते, ते वेगळं.

पहिल्याच दिवशी हे सकाळी बाकावर जाऊन बसले ते दुपार झाली तरी उठेनात. ताटं वाढून मी दारातून हाक मारली, "अहो, या की आता!"

ह्यांनी मागे वळूनसुद्धा न बघता हात हलवला. "उद्या!"