देवबागच्या पडवीत मी उठलो नाही

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या मामांचा. त्यांचं नाव दत्ताराम. मुंबईत एका मोठ्या ऑफिसात शिपाई आहेत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्यामुळे. आणि देवबागला एका होमस्टेच्या पडवीत, अकरा जणांसमोर, मला खाली बघायला लावलं गेलं तेही त्यांचंच नाव काढून.

"चहाचं तरी बघ," आमचे टीम लीड म्हणाले. "मामाकडून तेवढं तरी शिकला असशील."

सगळे हसले. मोठ्याने नाही. लॅपटॉपच्या आड तोंड करून.

माझ्या समोर लॅपटॉपवर काळी खिडकी उघडी होती. तिच्यात लाल अक्षरांत ओळ आली होती की तुम्हाला परवानगी नाही.

नोकरीचं आधी सांगतो. पुण्याच्या ह्या कंपनीत जागा आहे, हे मामांना त्यांच्या साहेबांकडून कळलं. साहेबांनी कंपनीत फोन केला. पुढची लेखी परीक्षा मी दिली, दोन मुलाखती मी दिल्या. पण लीडच्या लेखी मी फोनवरून आलेला होतो. पुण्याला निघालो तेव्हा सुट्टीवर गावी आलेले मामा स्टँडवर सोडायला आले होते. म्हणाले, "मान खाली घालून काम कर. साहेबाक उलटां बोलू नको. माझो शब्द आसा थंय."

आठ महिने मी मान खाली घालून काम केलं.

मग कंपनीने दोन दिवसांचं शिबिर देवबागला ठेवलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधल्या वाळूवर माड आणि होमस्टे. माझं गाव तिथून आत, कट्टा गावाच्या पुढे. मला आनंद झाला होता. खरंच झाला होता.

काम असं होतं. प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर क्लाउडची कमांड लाइन टूल्स बसवायची, म्हणजे माउसने न करता टाइप करून आज्ञा द्यायच्या. कंपनीच्या खात्याने लॉगिन करायचं. आपला पहिला प्रोजेक्ट तयार करायचा. त्यावर एक साधं पान चालू करून दाखवायचं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी ज्याचं पान उघडेल, तो नव्या कामावर. बाकीच्यांचं नंतर बघू, असं लीड म्हणाले. माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. 'नंतर बघू'चा अर्थ मला कळत होता.

पहिली चूक माझी. पहिल्या सकाळी सगळे येऊन बसले आणि कोणीतरी पाणी मागितलं. मी उठलो. कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे गावात माणसं आली की बसून राहवत नाही. पाणी द्यावं, पंखा लावून द्यावा, जेवायला काय करू विचारावं. मला वाटलं, हे माझ्या गावचे पाहुणे आहेत. त्यांना वाटलं, हा वाढायलाच आहे.

त्यानंतर मला उठावं लागलं नाही. उठवलं गेलं.

"तू इथलाच ना? जरा ताजी सुरमई बघून ये. आम्हाला फसवतील." मी गेलो. "होडीवाल्याशी तुमच्या भाषेत बोल, भाव कमी करेल." गेलो. वाय-फाय अडकलं की मी. खोलीत मुंग्या आल्या, तरी मी.

होमस्टे चालवणारी वयनी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मी तिसऱ्यांदा आत गेलो तशी म्हणाली, "रे, तू हयसर शिकूक इलंस, काय वाढूक इलंस?"

मी हसलो. ती हसली नाही.

"माका दोन बायो आसत मदतीक," ती म्हणाली. "तू जा, बस थंय."

मी बसलो की पुढचं सांगून झालेलं असायचं. टूल्स बसल्यावर टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, बंद करून पुन्हा उघडायचं, नाहीतर आज्ञा ओळखली जात नाही. हे एक वाक्य मी सुरमई बघत असताना सांगून झालं होतं. त्यात माझे दोन तास गेले. लॉगिन करताना ब्राउझर उघडतो, तिथे कंपनीचंच खातं निवडायचं. हे सांगितलं तेव्हा मी होडीवाल्याशी बोलत होतो. शेजारच्याला विचारलं तर म्हणाला, "अरे, आत्ताच तर सांगितलं ना सरांनी."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लीड माझ्यामागे येऊन उभे राहिले. माझी स्क्रीन त्यांनी मोठ्या पडद्यावर लावायला सांगितली. मी प्रोजेक्टची आज्ञा दिली. परवानगी नाही. पुन्हा दिली. परवानगी नाही.

"बघा," ते म्हणाले, "मशीनसुद्धा ह्याला ओळखत नाही. शिफारशीने माणूस आत येतो, पुढे काय?"

आणि मग चहाचं ते वाक्य.

मी अर्धा उठलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. पाय आपोआप सरळ झाले होते. खुर्ची मागे सरकली होती. मामा तीस वर्षं असेच उठत असतील, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्यांच्या चहात हसण्यासारखं काय होतं? त्या चहावर मी पदवीधर झालो. आणि हा माणूस तो चहा शिवीसारखा वापरत होता.

मी परत बसलो.

"मी जाणार नाही," मी म्हणालो.

"काय?"

"चहाला जाणार नाही. कालपासून पाच वेळा कशा ना कशाला पाठवलंत. मी शिकायला आलोय. गाळलेल्या पायऱ्या मला परत सांगा."

"तुझ्यासाठी सगळ्यांना थांबवू?"

"काल सगळ्यांसाठी मला उठवलंत."

कोणी हसलं नाही.  लीड पडदा बंद करून पुढच्या माणसाकडे गेले. पायऱ्या कोणी सांगितल्या नाहीत.

मग मी ती लाल ओळ पुन्हा वाचली. ह्या वेळी पूर्ण, एकेक शब्द. शेवटी खातं लिहिलेलं होतं. माझं खाजगी ईमेल. ब्राउझरमध्ये आधीपासून तेच उघडं होतं आणि मी घाईने त्यावरच हो म्हटलं होतं. एवढंच. मी त्यातून बाहेर पडलो. कंपनीच्या खात्याने आत आलो. आज्ञा दिली. प्रोजेक्ट तयार झाला. पान चालू करायच्या पायऱ्या एकट्याने शोधल्या, त्यात वेळ गेला.

पान उघडलं तेव्हा बाकीचे जेवून हात धूत होते. मी दाखवलं. लीडने घड्याळ बघितलं आणि माझ्या नावापुढे 'अपूर्ण' लिहिलं.

पुण्याला पोहोचल्यावर मी कंपनीला मेल केला. मला किती वेळा, कशासाठी उठवलं आणि त्या वेळात काय शिकवून झालं, ते लिहिलं. चहाचं वाक्य आहे तसं लिहिलं. चार दिवसांनी मामांचा फोन आला.

"कंपनीतून साहेबाक फोन गेलो, साहेबान माका बोलावल्यान," ते म्हणाले. "मी हात जोडून इलंय. तू पण माफी माग. विषय संपव."

मी बोलायला लागलो तर म्हणाले, "गप रव." आणि फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. म्हणून पत्र लिहिलं. ते असं:

मामा, नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितो आहे. मी माफी मागणार नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधीन. जे काम मला येत नाही म्हणाले, ते मला आता येतं.

तुमचे उपकार मी विसरलेलो नाही. पण ते तुमचे आहेत. तुमच्या साहेबांचे नाहीत, कंपनीचे नाहीत. त्यांनी तुमच्या कामावरून मला हसावं आणि मी आभार मानावेत, हे माझ्याकडून होणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी होणार नाही.

माझ्यासाठी पुन्हा कोणासमोर हात जोडू नका. साहेबांनी विचारलं तर सांगा, भाचा माझं ऐकत नाही. ते खोटं ठरणार नाही.

तुमचा भाचा