सव्वाचारची फायनल

"माणसं किती?"

मॅच कुणाचीही असो, काकांचा पहिला प्रश्न हाच. कोण पुढं आहे, किती गुणांनी आहे, हे ते नंतर विचारायचे. कधीकधी विचारायचेच नाहीत. मी गुणलेखकाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलेली असायचे आणि मागून येऊन ते खांद्याला पेन्सिलीचं टोक टोचायचे. "माणसं किती, पोरी?"

मी वैतागून म्हणायचे, "काका, मी गुण लिहू का मुंडकी मोजू?"

"दोनी कर. देवानं दोन डोळे कावून दिलेत मग?"

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस मोठा खेळाडू असेल. कसला खेळाडू! थर्मलमध्ये, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रात, उभी हयात नोकरी केली, पण बॉल टाकला तर तो रिंग सोडून सगळीकडं जायचा. मात्र परळीच्या वसाहतीतल्या कोर्टावर शालेय बास्केटबॉलची जी जी स्पर्धा झाली, तिचं वेळापत्रक काकांच्या हातचं. एका मोठ्या पुठ्ठ्यावर ते पेन्सिलीनं चौकटी आखत. कोणता संघ कुणाशी, किती वाजता, सगळं त्यात. पेन वापरा म्हटलं की म्हणायचे, "खोडता आलं पायजे. जित्या माणसांचं काम हाय हे."

सगळं खोडता यायचं, एक सोडून. फायनल सव्वाचारला. त्याला हात लावायचा नाही.

कारण साधं होतं. चारला पहिली पाळी सुटायची. भोंगा व्हायचा, गेटातून डबे हलवत माणसं बाहेर पडायची आणि घरी जायच्या आधी कोर्टावर यायची. हे मी ऐकलेलं सांगत नाही, चौदा वर्षांची असताना मी त्या कोर्टावर खेळले आहे. पायऱ्या भरलेल्या, भिंतीवर माणसं बसलेली, कुणाच्या भुवयांवर राख तशीच. आमच्याकडं राख कोर्टावरही बसते. मॅचआधी ओली पोती ओढून ती पुसायची, नाहीतर पोरी घसरून पडतात.

आणि ते फ्री थ्रो! बॉल घेऊन पोरगी रेषेवर एकटी उभी राहते, बाकी सगळे थांबतात, आणि तिनं शांतपणे बॉल टाकायचा असतो. इतर गावांत अशा वेळी लोक मुद्दाम बोंबलतात. परळीत काका उठून उजवा हात वर करायचे आणि अख्खं कोर्ट चिडीचूप. पोरगी परगावची असली तरी. एकदा कुणीतरी शिट्टी मारली, तर काका तिथूनच गरजले, "कोण हाय बे तो? लेकरू एकटं उभं हाय, दिसंना का?" त्यानंतर कुणाची टाप झाली नाही.

मग थर्मलचे वीज बनवणारे जुने संच बंद झाले. वसाहतीतल्या घरांना कुलपं लागली. भोंगा झाला तरी गेटातून माणसं निघायची ती बोटावर मोजण्याइतकी. स्पर्धांच्या तारखाही वरून मोबाईलवर यायला लागल्या. आज ठरलेली तारीख उद्या परीक्षेमुळं पुढं, परवा आणखी कशामुळं मागं. पायऱ्यांवर राखीव खेळाडू आणि शाळेचा शिपाई, एवढेच प्रेक्षक. मी तोवर शाळेत क्रीडाशिक्षिका झाले होते. मी काकांना म्हणायचे, "काका, सव्वाचारचा हट्ट सोडा आता. कुणाची पाळी सुटतीय?"

"सुटंल. तू गुण लिही."

गेल्या वर्षी मुलींची राज्य स्पर्धा आमच्याकडं होती. पुण्याहून एक निरीक्षक आले. भला माणूस, पण सरळ सांगून टाकलं, "बाई, फायनलला प्रेक्षक दिसले नाहीत तर पुढच्या वर्षीपासून स्पर्धा परळीला मिळणार नाही. मला फोटोसह अहवाल द्यायचा आहे."

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. काका मात्र शांत. त्या आठवड्यात ते सायकल घेऊन गावभर फिरले. वसाहत सोडून कोण कुठं राहायला गेलं, ते त्यांना पाठ होतं. जुने फिटर, वेल्डर, त्यांच्या बायका, कधीकाळी इथं खेळलेल्या आणि आता लेकुरवाळ्या झालेल्या पोरी. दारात सायकल टेकवायची, पाणीसुद्धा प्यायचं नाही, एवढंच सांगायचं, "शुक्रवारी सव्वाचारला. राज्याची फायनल हाय. यायचं."

फायनलला आमच्याच पोरी पोचल्या. माझ्या शाळेच्या! शुक्रवारी दुपारी एक वाजता समोरच्या संघाच्या मॅडम धावत आल्या. रडायच्याच बाकी होत्या. "सर, आमची गाडी पाच वीसची आहे. दुसरी गाडी नाही. उद्या सकाळी मुलींचा पेपर आहे. अडीचला फायनल घ्या, नाहीतर आम्हाला न खेळता जावं लागेल."

तुमच्यापासून काय लपवायचं, माझ्या मनात पाप आलं. त्या गेल्या तर आमच्या पोरी आपोआप विजेत्या! राज्य विजेत्या! मी काकांकडं पाहिलं. त्यांच्या तर सगळंच हातात होतं. नियमावर बोट ठेवून नुसतं नाही म्हणायचं होतं. चषक आपला, सव्वाचारला भरलेल्या पायऱ्या निरीक्षकांना दाखवता आल्या असत्या, पोरींचा सत्कार, टाळ्या, फोटो, सगळं.

काकांनी पुठ्ठा मांडीवर घेतला. फायनलच्या चौकटीवर पेन्सिल टेकवली. मी हळूच म्हणाले, "काका, नियमानं आपलं बरोबर हाय."

"हाय की." मग मॅडमकडं बघून म्हणाले, "पेपर कशाचा हाय?"

"गणिताचा."

त्यांनी रबर काढला आणि सव्वाचार खोडलं. जन्मात पहिल्यांदा. कागद तिथं जरा फाटला. "पोती ओढा रे! अडीचला सुरू," एवढं बोलले आणि पाठ फिरवली. मला इतका राग आला म्हणून सांगू! लगोलग फोन लावत बसलो, पण दुपारची वेळ, कुणी झोपलेलं, कुणी रानात, कुणाचा नंबर बदललेला. ज्यांनी उचलला ते म्हणाले, "तुमी तर सव्वाचार सांगितलं होतं."

अडीचला मॅच सुरू झाली. पायऱ्यांवर नऊ माणसं, त्यात निरीक्षकांचा ड्रायव्हर. निरीक्षकांनी मोबाईल आडवा धरून फोटो घेतला, तेव्हा मी मान वर केली नाही.

मॅच मात्र काय झाली! गुणांना गुण लागत होते. शेवटचे चार सेकंद, बरोबरी, आणि त्यांच्या एका बारक्या पोरीला फ्री थ्रो मिळाला. ती रेषेवर गेली. तेवढ्यात काका उठले आणि रिकाम्या पायऱ्यांकडं तोंड करून त्यांनी उजवा हात वर केला.

गप कुणाला बसवत होते? तिथं होतंच कोण? पण हात वर होता, आणि ड्रायव्हरनं चघळायचं थांबवलं. बॉल रिंगवर दोनदा फिरून आत पडला. आम्ही एका गुणानं हरलो.

बक्षिसं उरकली. चारला पाच कमी असताना त्यांची जीप स्टेशनकडं गेली, मागोमाग निरीक्षकांची गाडी. माझ्या पोरी बूट काढून रडत बसल्या होत्या. मग भोंगा झाला.

आणि माणसं यायला लागली.

आधी दोन म्हातारे, कानटोप्या घातलेले. मग एका स्कूटरवर चौघं. मग बायकांचा घोळका, नातवंडांना हाताला धरून. पाळीवरची पंधरा-वीस माणसं डब्यासकट. सव्वाचारला पायऱ्या भरल्या. भिंतीवरसुद्धा माणसं चढली. समोर कोर्ट रिकामं, आणि एक म्हातारा विचारतोय, "सुरू कावून करंनात?"

काका मध्यभागी गेले. माईक हातात घेतला. म्हणाले, "मॅच झाली. तुमाला सांगता आलं न्हाई. माझं चुकलं."

कुणीच उठलं नाही. मला रडू आवरेना. तेवढ्यात आमची कॅप्टन उठली, नाक पुसलं आणि पुन्हा बूट चढवायला लागली. "बाई, दहाजणी आहोत. पाच-पाच करू." त्या पोरी आपसात खेळल्या, आणि लोकांनी असा काही गलका केला की माझ्या लहानपणीही झाला नसेल. मी फोटो काढून निरीक्षकांना पाठवला. उत्तर आलं, "अहवाल पाठवला आहे." खाली हात जोडल्याचं चित्र.

काका टेबलाशी आले. "माणसं किती, पोरी?"

"मोजता येईनात, काका."

या वर्षी स्पर्धा एका मोठ्या शहरात झाली. बंदिस्त हॉल, चकाचक लाकडी कोर्ट, राखेचा कण नाही. काकांचे गुडघे गेले, म्हणून लेकीनं त्यांना लातूरला नेलंय. फायनल सकाळी नऊला. हजार खुर्च्या रिकाम्या, आणि मैदानावर माझ्याच पोरी.

ऐन मॅचमध्ये फोन वाजला.

"माणसं किती?"

मी खुर्च्यांकडं पाहिलं. "लई हायेत, काका. पाय ठेवायला जागा न्हाई."

ते म्हणाले, "आवाज कावून येईना मग?"

"फ्री थ्रो चाललाय, काका. सगळे गप बसलेत."

"आसं व्हय," ते एकदम कुजबुजत म्हणाले. "मग तू बी बोलू नको. ठेव."