एल, आय आणि पुढे काहीच नाही

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बीड जिल्ह्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानेही आपल्या कॉलेजात संगणकशास्त्राचा वर्ग सुरू केला आणि तिथल्या लॅबमध्ये मी इन्स्ट्रक्टर म्हणून लागलो. चौसाळ्याच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, वय चोवीस. लॅबच्या सर्व्हरवर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली मीच बसवली होती, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. त्या मशीनबद्दल काही विचारायचं तर अख्ख्या कॉलेजात मी एकटाच होतो. याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसातला मी लॅब उघडली. अकराला विद्यापीठाचे परीक्षक येणार होते. बावीस मुलामुलींचे प्रोजेक्ट त्याच सर्व्हरवर होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती काढून ठेवायचं काम माझंच होतं. आज करू, उद्या करू म्हणत राहून गेलेलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, मेमरी मोजून झाली आणि काळ्या पडद्यावर दोन अक्षरं उमटली. एल आणि आय. पुढे काहीच नाही.

खरं तर तिथे 'लिलो' असा चार अक्षरांचा शब्द यायचा. लिलो म्हणजे लिनक्सला सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. त्याची एकेक पायरी पार पडली की एकेक अक्षर उमटायचं. आमचा निम्म्यातच अडकला होता. मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच दोन अक्षरं. तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला आणि तसाच थांबलो, कारण आदल्या संध्याकाळचं सगळं आठवलं.

परीक्षेआधी डिस्कवर जागा करावी म्हणून मी मशीन सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फायली दुसरीकडे हलवल्या होत्या. मग भीती वाटली म्हणून परत जागेवर आणल्या. मला वाटलं, होतं तसं झालं. पण लिलो फाईल नावाने शोधत नाही. ती डिस्कवर नेमकी कुठे पडली आहे ते धरून ठेवतो. फायली हलल्या की एक कमांड देऊन त्याला नवी जागा सांगावी लागते. ती कमांड मी दिलीच नव्हती.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. पडदा बघून त्यांचा चेहरा उतरला. काल शेवटी लॅबमध्ये कोण होतं, असं त्यांनी विचारलं.

"झाडायला मावशी आल्या होत्या," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. मी जाणूनबुजून तेवढंच बोललो.

मावशी म्हणजे आमच्याकडची शिपाई बाई. आठ वर्षं रोजंदारीवर, आज ना उद्या कायम करतील या आशेवर. सरांनी तिला बोलावून घेतलं, टेबलाखाली झाडताना वायर ओढली का, बटण दाबलं का, असं दरडावून विचारलं. ती पदर सावरत म्हणाली, "न्हाई सर. म्या त्या मशीनीला कंदी हात लावत न्हाई. मला भ्या वाटतं तिचं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून मागची वायर तपासत असल्यासारखं केलं. सरांनी तिला व्हरांड्यात बसून राहायला सांगितलं.

मला म्हणाले, सीडी घाल आणि नव्याने बसवून टाक, तासाभराचं काम आहे. मी सांगितलं की तसं केलं तर डिस्क पुसली जाईल आणि बावीस प्रोजेक्ट जातील. ते खुर्चीवर बसले. कपाळावरचा घाम रुमालाने पुसला. बाहेर एप्रिलचं ऊन आठ वाजताच भिंतीवर चढलं होतं.

उपाय एकच होता. फ्लॉपीवरून लिनक्स सुरू करायचं, डिस्कवरची जुनी प्रणाली उघडायची आणि राहिलेली कमांड द्यायची. आमचं मशीन इतकं जुनं की ते सीडीवरून सुरूच होत नसे. कपाटातली बूट फ्लॉपी काढून घातली. पडद्यावर ठिपक्यांची रांग सरकू लागली आणि मधेच थांबून 'सीआरसी एरर' असं आलं, म्हणजे फ्लॉपीवरचं लिखाण खराब झालेलं. नवीन फ्लॉपी तयार करायला शेजारच्या विंडोजच्या मशीनवर सीडी घातली, तर तीही वाचेना. वर्षभर कव्हराविना ड्रॉवरमध्ये पडून तिच्यावर चरे उठले होते. बनियनच्या कापडाने मी ती मधून कडेकडे हळूहळू पुसली. दोनदा नाकारून तिसऱ्या वेळी ती वाचली गेली. पहिली फ्लॉपी लिहिताना खराब निघाली. दुसरी लिहिली गेली, पण सर्व्हरने घेतली नाही. एव्हाना मुलं यायला लागली होती. वडवणीकडची एसटी आली असावी, कारण पाच-सहाजण एकदमच दाराशी जमले. काय झालं म्हणून कोणी विचारलं नाही. आमचे चेहरे पुरेसे होते.

तिसरी फ्लॉपी लिहून झाली तेव्हा दहा वाजून गेले होते. ती सर्व्हरमध्ये घालून मी बटण दाबलं, आणि त्याच वेळी सर हातात एक कागद घेऊन आले. मावशीच्या निष्काळजीपणामुळे सर्व्हर बंद पडला, सबब तिला कामावरून कमी करावं, असं प्राचार्यांना लिहिलेलं होतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

फ्लॉपी ड्राइव्ह करकरत होता. मी कागद दोनदा वाचला. दारातून व्हरांडा दिसत होता. मावशी भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"सर, मावशींचा काही संबंध नाही. काल फायली मी हलवल्या. चूक माझी आहे."

"हे तुला कधी कळलं?"

"सकाळीच. तुम्ही यायच्या आधी."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कागदाची घडी करून खिशात घातली. "आधी मशीन चालू कर," एवढंच म्हणाले.

ठिपके सरकत होते. निम्म्यावर येऊन ते अडले. ड्राइव्ह तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघत होता, आवाज ऐकूनच कळत होतं. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. अर्ध्या मिनिटाने ठिपके पुढे निघाले आणि कमांडसाठी जागा आली. जुनी प्रणाली कुठल्या भागावर आहे ते मी टाईप केलं. दोनदा चुकलं, खोडून पुन्हा टाईप केलं. पडद्यावरून ओळी धावू लागल्या. लॉगिन झालं. एकेक फोल्डर उघडून मोजले. बावीस.

राहिलेली कमांड दिली, फ्लॉपी काढली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. एल, आय, एल, ओ. दाराशी कुणीतरी मोठ्याने श्वास सोडला. परीक्षक सव्वाअकराला आले. उन्हाने हैराण झालेले होते. त्यांनी आधी पाणी मागितलं. परीक्षा नीट पार पडली.

मला मेमो मिळाला, प्राचार्यांची बोलणी खावी लागली. त्याचं काही वाटलं नाही. दुपारी मी व्हरांड्यात मावशीकडे गेलो आणि झालं ते सगळं सांगितलं. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सकाळीच कावून न्हाई सांगितलं? सकाळपासनं म्या हितं बसले. लेकीला काय सांगू, उद्यापासून काम न्हाई म्हणून, हेच घोकत व्हते."

घाबरलो होतो, असं म्हणालो. ती म्हणाली, "आन म्या?"

त्या दिवसापर्यंत ती मला अरे-तुरे करायची. सणावाराला डब्यातून धपाटे आणायची, 'खा रे लेकरा' म्हणायची. दुसऱ्या दिवसापासून ती मला 'सर' म्हणू लागली. 'सर, तुमी उठता का, झाडायचंय.' तीन वर्षं मी तिथे होतो. वर्षभराने ती कायम झाली, पेढे घेऊन लॅबमध्ये आली. सगळ्यांना दिले, मलाही दिला. म्हणाली, "घ्या सर."