पाईपतरंग

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला कुणीतरी तिला झायलोफोन दिला आणि आमच्या घरातली शांतता संपली. आठ रंगीत पट्ट्या, खाली प्लास्टिकचा हत्ती, आणि आवाज असा की मोरीत चमचे पडावेत. आवाजाचंही मी चालवून घेतलं असतं. पण मेल्यांनी सा आणि रे एकाच सुरात ठेवले होते, आणि नी तर चक्क धैवताच्या खाली. मी गिरगावात नऊ वर्षं गाणं शिकले आहे, असलं काही माझ्याच्याने ऐकवत नाही. तिसऱ्या दिवशी मी तो हत्ती माळ्यावर टाकला आणि रात्री जेवताना जाहीर केलं, की याहून चांगला झायलोफोन मी घरी करून दाखवीन. स्वस्तात, आणि सुरात.

नवरा म्हणाला, कर की. सासूबाई म्हणाल्या, आधी भात वाढ. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे ‘नेहमीप्रमाणे’ नीट सांगायला हवं. आमचं घर लालबागला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. सासरे, म्हणजे अप्पा, मिलमध्ये लूमखात्यात होते. मिल बंद पडेपर्यंत त्यांनी कापडाचे माग दुरुस्त केले. मी आले गिरगावातून, कारकुनांच्या घरातून. लग्नानंतर पहिल्याच गणपतीत सासूबाईंनी मला अभंग म्हणायला बसवलं. मी जीव ओतून गायले. अप्पा समोरच बसले होते. दुसऱ्या कडव्याला त्यांनी जांभई दिली आणि तिसऱ्याला उठून नळाचा वॉशर बदलायला गेले. भर गणपतीत, वॉशर!

त्यानंतर मी त्या घरात गायले नाही. अकरा वर्षं. बोलणं मात्र बंद केलं नाही, ते मला जमण्यासारखंच नाही. आवाज माझा बारीक, वरच्या पट्टीतला, पण आई म्हणते की मी झोपेतसुद्धा कुणालातरी सुनावत असते. मी अप्पांना चहाचं विचारायची, औषधाचं विचारायची, पेपरातलं काहीबाही सांगायची. ते एक तर मान हलवायचे, नाहीतर गॅलरीत निघून जायचे. सासूबाईंशी गप्पा, नवऱ्याशी गप्पा, माझ्या वेळेलाच तोंडात गुळणी. मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं की या माणसाला मी आवडत नाही. तरी एक हट्ट आत कुठेतरी होताच, की यांनी एकदा तरी सांगावं, माझं गाणं कसं वाटलं. वाईट म्हणाले असते तरी चाललं असतं. पण त्या वॉशरचा अपमान मला गिळवत नव्हता.

असो. तर झायलोफोन. पट्ट्यांचं मला काही जमेना, म्हणून मी खालच्या हार्डवेअरवाल्याकडून वायरिंगचा लोखंडी पाईप आणला. तो टांगून वाजवला तर देवळातल्या छोट्या घंटेसारखा गोड वाजला. मी खूश. गॅलरीच्या कठड्यावर पाईप धरून हॅक्सॉ चालवायला लागले, तर पाचव्या मिनिटाला अप्पांनी काही न बोलता तो माझ्या हातातून काढून घेतला. माझी कापायची पद्धत त्यांना बघवेना. पलंगाखालून त्यांची पेटी आली, पाईप पकडायचा वाइस आला, तीन प्रकारच्या कानशी आल्या. मी खडूने खूण करायची, ते कापायचे. बोलणं शून्य.

माझा हिशेब सोपा होता. तानपुऱ्याची तार बरोबर मध्यावर दाबली की वरचा सा मिळतो, हे मला झोपेतही ठाऊक. म्हणून एक पाईप तीस सेंटिमीटरचा आणि दुसरा त्याच्या निम्मा, पंधराचा. अप्पांनी कडा अशा घासून दिल्या की गालावरून फिरवाव्यात. मी मोठा वाजवला. सुंदर. धाकटा वाजवला आणि माझ्या दाढेतून कळ गेली. इतका चिरका आवाज की शेजारच्या कठड्यावरचं कबूतर उडालं. मी म्हटलं, अप्पा, हे काहीतरी भलतंच वर गेलं. अप्पांनी तो पाईप माझ्याकडून घेतला, स्वतः चार वेळा वाजवला, आणि तोंड वाकडं करून सासूबाईंना म्हणाले, “ह्यो मुको आसा.”

मला वाटलं, टोमणा असेल. तर नाही. अप्पांनी सदरा चढवला, तो मुका पाईप पिशवीत घातला आणि हार्डवेअरवाल्याकडे निघाले. खराब माल दिला म्हणून. मी मागोमाग धावले, कारण पाईप मी आणला होता आणि त्या दुकानात मला अजून तोंड दाखवायचं होतं.

दुकानदार शांत माणूस. तो म्हणाला, काका, इतकी वर्षं दुकान आहे, पाईपला आवाज नाही म्हणून कोणी परत आणलेला नाही. पाईप वायरिंगसाठी असतो, भजनासाठी नाही. अप्पा ऐकेनात. त्यांनी पाईप दोऱ्याला टांगला, गल्ल्यावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि जोरात ठोकला. दुकानदाराने डोळे मिटले. रंगाचा डबा घ्यायला आलेल्या बाईने कानावर हात ठेवले. स्टुलावर झोपलेलं मांजर उठून उभं राहिलं. आणि अप्पा आम्हा सगळ्यांकडे विजयी मुद्रेने बघत म्हणाले, बघा, काही येता काय?

 मी अप्पांच्या तोंडाकडे बघत होते. त्यात सोंग नव्हतं, चेष्टा नव्हती. त्यांना खरंच काही ऐकू आलेलं नव्हतं.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे दुसरा पाईप दिला. देव त्याचं भलं करो. परतताना जिन्यात अप्पा पुढे, मी मागे. मला राहवेना. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, “अप्पा, तुमच्या लेंग्याला आग लागलीय.” अप्पा पायऱ्या चढत राहिले. मी म्हटलं, अप्पा, मी घर सोडून चालले, मुलगी तुम्ही सांभाळा. अप्पा दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबले आणि माझ्याकडे बघून हसले. मी तिथेच पायरीवर बसले. हसावं की रडावं ते कळेना, आणि लाज तर अशी वाटली की विचारू नका. अकरा वर्षं मी ज्या माणसावर दात धरून होते, त्याच्यापर्यंत माझा एक शब्द धड पोचलेला नव्हता.

घरी कुणाच्या कसं लक्षात आलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. मागांच्या खडखडाटात अप्पांच्या कानांतून गेले होते ते फक्त बारीक, वरचे आवाज. सासूबाई साधं मीठ मागतात तेही भोईवाड्यापर्यंत जावं अशा आवाजात. नवऱ्याचा आवाज घागरीतून आल्यासारखा जाड. अप्पांचे मित्र सगळे मिलमधले, ते एकमेकांशी ओरडूनच बोलतात. उरलो मी आणि लेक. मी लेकीला हळूच विचारलं, तर ती म्हणाली, आजोबांची हनुवटी धरायची आणि मग बोलायचं, त्यांना तोंड बघून कळतं. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू विचारलंच नाहीस.

अप्पांना तोंडावर सांगायचं धाडस मात्र मला होईना. म्हातारा मानी आहे. मग मी दुसरा मार्ग काढला. त्यांना ऐकू येईल असाच झायलोफोन करायचा. नवऱ्याने मोबाईलवर शोधून सांगितलं की तारेचा हिशेब पाईपला लागत नाही. पाईप निम्मा केला की एक सोडून दोन सप्तकं वर जातो. ही अक्कल आधी मिळाली असती तर मांजराची झोप मोडली नसती. तो तीस सेंटिमीटरचा पाईप अप्पांना छान ऐकू येत होता, म्हणून तोच आमचा सगळ्यात वरचा सूर ठरला. त्याच्या खालचे सात त्याहून लांब. खालचा सा बेचाळीसच्या आसपास लागला. मोबाईलवर तानपुरा लावायचा, पाईप जरा लांबच कापायचा आणि मग कानशीने घासत घासत सुरात आणायचा. आता मी अप्पांच्या समोर बसून, आवाज खाली घेऊन, तोंड मोठं उघडून बोलू लागले. ते चक्क उत्तरं देऊ लागले. मी म्हणायची, थोडा घासा, अजून; ते म्हणायचे, बस. एवढंच बोलणं, पण मला पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटायचं.

मग घोडं अडलं ते नटबोल्टवर. अप्पांनी एके दुपारी आठही पाईप टोकांना भोकं पाडून एका फळीवर असे आवळले की हत्तीलासुद्धा हलवता येऊ नयेत. वाजवले तर ठक, ठक, ठक. सगळे सूर मेले. त्यांचाही दोष नव्हता. जे थरथरतं ते आवळायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. मी कपाळाला हात लावला. अप्पांनी एकेक नट काढला. एक पाईप बोटांवर धरून ते मला म्हणाले, वाजव. मी वाजवत राहिले आणि ते दुसऱ्या हाताचं बोट पाईपवरून सरकवत राहिले. एका जागी बोट थांबलं. तिथे पाईप थरथरतच नव्हता. दुसऱ्या टोकाकडेही तसंच, टोकापासून चौथाई लांबीला जरा कमी अंतरावर. तिथे धरलं तर सूर मोकळा वाजे, जरा बाजूला धरलं की दबे. मी कानाने हे शोधायला आठवडा घेतला असता. त्यांनी पाच मिनिटांत आठही पाईपांवर खुणा केल्या.

बाकी सगळं घरातलंच. कोकणातून आलेली आंब्याची लाकडी पेटी खाली, तिच्या पोकळीमुळे आवाज भरून येतो. पेटीवर परकराच्या दोन नाड्या ताणून बांधल्या आणि पाईप त्या खुणांवर नुसते टेकवून दोऱ्याने अडकवले. सासूबाईंनी नाड्या दिल्या, पण चाळभर बोंब केली. वाजवायला चायनीजच्या गाडीवरच्या काड्या, त्यांच्या टोकाला भोक पाडून बसवलेली पूजेची सुपारी, तिच्यावर रबरबँडचे वेढे. लेकीने नाव ठेवलं पाईपतरंग. तिने पहिल्यांदा सा ते सा वाजवला तेव्हा अप्पा एकेका सुराला मान डोलवत होते, शेवटच्या ‘सा’लासुद्धा.

मला तेव्हा धीर आला. मी त्यांच्या पुढ्यात बसले आणि खालच्या आवाजात म्हटलं, “अप्पा, तुम्हाला नीट ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरकडे जाऊया.”

“माका ऐकाक येता,” अप्पा म्हणाले. “तूच बोलणस नाय.”

 ते पुढे म्हणाले, की आपण तर सगळ्या चाळीला सांगत असतो, आमची सून म्हणजे देवमाणूस, तोंडातून शब्द नाही. नवरा उठून मोरीत गेला आणि तिथे हसला. सासूबाई तिथेच हसल्या. आता कळलं, मजल्यावरच्या बायका मला ‘तुझे सासरे फार कौतुक करतात हो’ म्हणून डोळे का मिचकवायच्या ते.

मग मी विचारून टाकलं. पहिल्या गणपतीत मी गात होते आणि तुम्ही मधेच उठून गेलात, वॉशर बदलायला. का?

अप्पा गोंधळले. “गायलंस? कधी?” मग त्यांना आठवलं. त्यांचा चेहरा उतरला. “माका वाटला पोथी वाचतंस.”

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. डोळे पुसले, लेकीला खालचा सा वाजवायला लावला आणि तोच अभंग धरला, खर्जात, माझ्या नेहमीच्या पट्टीच्या कितीतरी खाली. घसा खरवडत होता. अप्पांनी लेकीची युक्ती केली, माझ्या तोंडावर नजर लावली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, जांभई नाही. तिसऱ्यालाही ते बसून होते. मी संपवलं आणि वाट बघत राहिले.

अप्पांनी काडी उचलली, पाचवा पाईप वाजवला आणि म्हणाले, “हय उतारलंस.”

मी? पंचमाला? नऊ वर्षं शिकले आहे मी! मी म्हटलं, पाईपच चढा लागलाय, तुम्ही जास्त घासलात. ते म्हणाले, आपण घासलेला पाईप चुकणार नाही. मी म्हटलं, मग लावा तानपुरा, होऊन जाऊ दे. आमचे दोघांचेही आवाज चढले, सासूबाईंनी लोक बघतात म्हणून दार लोटून घेतलं, आणि मी पाईप उचलून त्यांच्या तोंडासमोर नाचवत अर्धा तास त्यांच्याशी कडाकडा भांडले. अकरा वर्षांतलं आमचं ते पहिलं भांडण.