आपटे सरांचा खोकला

चहा घ्या, सांगते. माझ्या हातून काय गाढवपणा झाला ते आता सांगायला हरकत नाही, कारण सरांचा रिपोर्ट चांगला आलाय. नाहीतर मी तोंडसुद्धा उघडलं नसतं.

माझी पहिली नोकरी क्षयरोगाच्या कामात, येरवड्याच्या वस्त्यांमधून हिंडायची. मग बरीच वर्षं एक आरोग्यसंस्था चालवली. आणि आता या वयात एका कॉलेजात विभागप्रमुख. माणूस खुर्ची बदलतो हो, पण जिभेचं काय?

पहिल्याच मीटिंगला मी म्हटलं, "आपला प्रत्येक लाभार्थी वेळेवर वर्गात आला पाहिजे." कोपऱ्यातून खोकला आला. आपटे सर. विभागातले सगळ्यात ज्येष्ठ, नारायण पेठेतले, फार सभ्य माणूस. मी पुढे म्हटलं, "लाभार्थ्यांच्या पालकांनाही भेटू." पुन्हा खोकला.

दर मीटिंगला हेच. शेवटी मी सरांना केबिनमध्ये बोलावलं.

"सर, खोकला कधीपासून आहे?"

"आपण रुजू झाल्यापासून."

म्हणजे महिना होत आला होता. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायची, हे मी झोपेतही सांगेन.

"संध्याकाळी वाढतो का?"

"मीटिंग संध्याकाळी असली, तर वाढतो."

"आणि ताप?"

"येतो कधीकधी. मी बोलून दाखवत नाही."

आता सांगा, एवढं ऐकल्यावर मला शंका यायला नको होती? आली ना. फुप्फुसांची आली.

मी थुंकीची डबी त्यांच्या हातात ठेवली. सरांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, "लाजू नका सर, हल्ली पूर्ण बरा होतो," आणि स्वतः रिक्षात बसवून त्यांना एक्स-रेला घेऊन गेले.

संध्याकाळी त्यांच्या बायकोचा फोन. "मॅडम, मी यांचं ताट वेगळं काढलंय. नातीला लेकीकडे पाठवून दिलंय. पण खरं सांगू का, हे घरात कधी खोकतच नाहीत हो."

म्हणजे घरच्यांपासून लपवतायत बिचारे. आजार लपवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यातली काही पुढे राहिली नाहीत. रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

लॅबचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या जिन्यातच बसले. काही निघालं नव्हतं. डोळे पुसत तशीच स्टाफरूममध्ये गेले.

"सर, फुप्फुसं अगदी स्वच्छ आहेत."

"मला कल्पना होती," सर म्हणाले. "माझा खोकला वैद्यकीय नव्हता मॅडम, शैक्षणिक होता. आपण मुलांना लाभार्थी म्हणता. कॉलेजात त्यांना विद्यार्थी म्हणायची पद्धत आहे."

"अहो, मग तसं सांगायचं ना."

"सांगणारच होतो. आपण डबी दिलीत."

खरं तर तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावं अशी वेळ. पण मी इतकी हलकी झाले होते, की लाज वाटायचंच राहून गेलं. मी सरांचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "काही असो सर, इतक्या वर्षांत तुमच्यासारखा गुणी लाभार्थी मला मिळाला नाही."

आणि अख्खी स्टाफरूम एकदम खोकली.